बर्फाच्या प्रदेशातील भातशेती

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाची दोन अंगे परस्परांपासून अगदी भिन्न आहेत. पूर्वेस, म्हणजे तोकियोच्या बाजूस, हिवाळ्यात आकाश निरभ्र असते व हवा कोरडी असते. परंतु मधली पर्वतरांग बोगद्यातून ओलांडून आगगाडी पश्चिमेस उतरली, की तोच हिवाळा ओळखू येत नाही. शेते, बांध, वाटा व कुंपणे यांपैकी काहीही दिसत नाही. सर्वत्र बर्फ पसरलेला असतो. जपानी लोक या भागाला 'युकिगुनी', म्हणजे 'हिमप्रदेश', असे म्हणतात. निइगाता प्रांतातील तोकामाची हे नगर व त्याच्या भोवतालची डोंगरी खेडी याच भागात येतात.

तोकामाची उत्तर अक्षांश ३७ च्या जवळ आहे, म्हणजे आपल्या श्रीनगरच्या उत्तरेस केवळ तीन अंश. इतक्या दक्षिणेस व समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या ठिकाणी एवढा बर्फ पडावा, याचे कारण वाऱ्यांत आहे. हिवाळ्यात सैबेरियावरून निघणारे अतिथंड, कोरडे वारे जपानी समुद्र ओलांडून येतात. या समुद्रातून दक्षिणेकडील उबदार पाण्याचा प्रवाह वाहत असल्यामुळे वाऱ्यांना भरपूर बाष्प मिळते. पुढे डोंगर आडवे आले, की ते बाष्प हिमरूपाने खाली येते. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडून कोकणात पाऊस पाडतात, त्यातलाच हा प्रकार होय. फरक एवढाच, की तेथील ही वृष्टी ऐन हिवाळ्यात होते व पडलेले पाणी वाहून न जाता चार महिने जागच्या जागी साचून राहते.

तोकामाची येथील वनसंशोधन केंद्रात १९१७ पासून बर्फाची मोजणी होत आली आहे. सुमारे दोन मीटर जाडीचा थर येथे नेहमीचाच समजला जातो. १९४५ च्या हिवाळ्यात तो ४२५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चौदा फूट, झाला होता. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीस जवळच्या मोरिमियानोहारा या रेल्वे स्थानकावर ७ मीटर ८५ सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली. आजही तेथे तितक्या उंचीचा खांब उभा आहे.

बर्फाचे ओझे

बर्फ पाहावयास सुंदर असला तरी त्याखाली राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते प्रथम एक ओझे आहे. या भागातील हिवाळ्याचे तापमान शून्य अंशाच्या आसपास रेंगाळत असल्याने बर्फ ओला व जड असतो. दबून घट्ट झालेल्या एक मीटर बर्फाचे वजन दर चौरस मीटरास सुमारे तीनशे किलो भरते. घराचे छप्पर शंभर चौरस मीटरांचे धरले, तर त्यावर तीस टन भार होतो. म्हणून छपरावर चढून फावड्याने बर्फ खाली लोटणे हे काम हिवाळ्यात पुन्हा पुन्हा करावे लागते. हे काम धोक्याचे आहे. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानभर बर्फामुळे दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेक वृद्ध होती व कित्येक जण बर्फ काढतानाच छपरावरून पडले किंवा घसरणाऱ्या बर्फाखाली सापडले. एकट्याने छपरावर चढू नये, कमरेस दोर बांधावा, हा उपदेश तेथे दरवर्षी करावा लागतो.

घरांची बांधणीही बर्फास अनुसरूनच असते. तळमजला काँक्रीटचा करून त्यात अवजारे व मोटारी ठेवतात, राहती घडी वरच्या मजल्यावर असते, व छप्पर उभट ठेवतात. जुन्या बाजारपेठांत दुकानांपुढे सलग पडव्या काढलेल्या असत. रस्ता बर्फाने बुजला तरी माणसे या पडव्यांखालून चालत जात.

खाली लोटलेला बर्फ टाकावयाचा कोठे, हा पुढचा प्रश्न. गावातील रस्त्याच्या कडेने झाकणबंद चर काढून त्यातून नदीचे वेगवान पाणी सोडतात व घरोघरचे लोक झाकण उघडून त्यात बर्फ ढकलतात. सर्वांनी एकदम बर्फ टाकल्यास चर तुंबेल, म्हणून आळीवार वेळा ठरवून दिलेल्या असतात. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना या व्यवस्थेतील भांडणे व समजुती वेगळ्या सांगावयास नकोत. रस्त्यांत नळ बसवून जमिनीतील किंचित ऊबदार पाण्याचे फवारे सोडण्याची दुसरी रीतही निइगातात सर्वत्र पसरली. ती सोयीची खरी, परंतु काही भागांत पाण्याचा उपसा इतका झाला, की जमीनच खचू लागली व उपशावर बंधने घालावी लागली.

हिवाळ्यातील उद्योग

शेत बर्फाखाली असता शेतकरी काय करीत? पुरुष मजुरीसाठी शहरांकडे जात, किंवा साके या तांदळाच्या मद्याच्या भट्ट्यांवर कारागीर म्हणून राबत. घरी राहिलेल्या स्त्रिया मागावर बसत. रॅमी नावाच्या वनस्पतीचे तंतू नखांनी चिरून, त्यांचे सूत जोडून येथे अतिशय तलम कापड विणले जाई. कोरड्या हवेत हे सूत तुटते. बर्फाने वेढलेल्या घरातील दमट हवा त्यास मानवते. विणलेले कापड फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात बर्फावर पसरून उजळवीत. हे कसब आता थोड्याच हातांत उरले असून २००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. शिओझावा येथील कापडाचे व्यापारी सुझुकी बोकुशी यांनी बर्फातील या जीवनावर लिहिलेला सचित्र ग्रंथ १८३७ पासून प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा राजधानीतील लोकांस आपल्याच देशाचा हा भाग प्रथम नीट कळला. पुढे तोकामाचीत रेशमी कापडाचा धंदा वाढला. सुतास खळ देण्यासाठी वापरले जाणारे फुनोरी हे समुद्रशेवाळ येथील स्त्रिया बकव्हीटच्या शेवयांचे पीठ बांधण्यासही वापरू लागल्या. त्या शेवया आज या भागाची खासियत मानल्या जातात.

बर्फ हेच धरण

चैत्राच्या सुमारास बर्फ वितळू लागला, की त्या ओझ्याचे दुसरे रूप दिसते. डोंगरावर साचलेला बर्फ हळूहळू पाझरतो आणि ज्या वेळी खाचरांस पाण्याची गरज असते नेमक्या त्याच वेळी ओढ्यांतून, झऱ्यांतून पाणी वाहू लागते. येथील पुष्कळ खाचरे उताराच्या चिकण जमिनीत पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेली आहेत. होशितोगे येथे अशी सुमारे दोनशे लहानमोठी खाचरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. कित्येकांना नदीचे पाणी मिळत नाही, त्यांचा सारा भर बर्फ व पाऊस यांवर. पूर्वीच्या पिढ्यांनी हाताने डोंगर पोखरून 'माबू' नावाचे अरुंद बोगदे काढले व पलीकडच्या ओढ्याचे पाणी आपल्या शेतात आणले. नदीचे वळण तोडून जुन्या पात्रात खाचरे केल्याचीही उदाहरणे आहेत. त्यामागे किती माणसांचे किती हिवाळे गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पाणी भरपूर, पण दिवस थोडे, ही येथील शेतीची मुख्य अडचण. बर्फ एप्रिलअखेरपर्यंत हटत नाही व सप्टेंबरच्या मध्यापासून कापणी सुरू करावी लागते. म्हणून शेतकरी बर्फ वितळण्याची वाट पाहत बसत नाही. राख, माती किंवा कोळशाची भुकटी तो शेतातील बर्फावर पसरतो. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळा थर ते शोषून घेतो, व शेत काही दिवस आधी मोकळे होते. बिनखर्ची म्हणावी अशी ही युक्ती आहे.

रोपांच्या बाबतीत खरी प्रगती एका शेतकऱ्यामुळे झाली. शेजारच्या नागानो प्रांतात, कारुइझावा या थंड ठिकाणी, ओगिवारा तोयोजी यांनी १९४२ च्या सुमारास रोपांच्या वाफ्यावर तेलकागद झाकून रोप वाढविण्याचे प्रयोग केले. कागदाखाली ऊब टिकली व रोप लवकर आणि जोमदार तयार झाले. शेतकी खात्यातील तंत्रज्ञांनी ही रीत तपासून सुधारली आणि युद्धानंतर ती सर्व थंड प्रांतांत पसरली. पुढे तेलकागदाची जागा प्लॅस्टिकच्या पडद्याने घेतली व आता रोपे आच्छादित घरात उथळ ट्रेमध्ये वाढवून यंत्राने लावतात. कोकणातील व मावळातील शेतकऱ्यांस 'जपानी पद्धत' हे शब्द परके नाहीत. बोरिवलीच्या कोरा केंद्रातील प्रयोगांनंतर १९५३ पासून त्या पद्धतीचा देशभर प्रचार झाला. गादीवाफे, मिठाच्या पाण्यातील बी-निवड, ओळीतील लावणी या गोष्टी आपल्याकडे तेव्हा रुजू लागल्या. त्यांच्या मागे थोड्या दिवसांत, थोड्या जमिनीत पीक काढण्याची अशी निकड होती, हे मात्र फारसे सांगितले गेले नाही.

युद्धानंतरच्या जमीन-सुधारणेने कुळांना जमिनी मिळाल्या. १९४८ च्या कायद्याने तेथे कृषिविस्तार सेवा सुरू झाली. शेतीच्या सल्लागारांबरोबरच गृहजीवन सुधारणेसाठी स्त्री कार्यकर्त्याही नेमण्यात आल्या. सायकलीवरून खेडोपाडी हिंडणाऱ्या या कार्यकर्त्यांचे पहिले लक्ष धुराने भरलेल्या चुलीकडे गेले. ते योग्यच होते, कारण जेथे चार महिने दारेखिडक्या बंद ठेवावी लागतात, तेथे चुलीचा धूर हा रोजचाच जाच असतो.

एका जातीची गोष्ट

या भागाचे नाव आज जपानभर गाजते ते 'कोशिहिकारी' या भातामुळे. नोरिन २२ व नोरिन १ या जातींचा संकर १९४४ मध्ये निइगाताच्या संशोधन केंद्रात करण्यात आला. पुढील निवड फुकुइ प्रांतात झाली आणि १९५६ मध्ये नव्या जातीची नोंदणी झाली. त्या वेळी तिचे स्वागत जेमतेमच झाले. काड उंच असल्याने पीक लोळत असे, करप्यालाही ते चटकन बळी पडे, आणि देशाला तेव्हा चवीपेक्षा उत्पन्न हवे होते. तरीही निइगाताने ती स्वीकारली. लागवडीच्या कौशल्याने जो दोष आटोक्यात ठेवता येतो, त्यापायी चांगली जात टाकून देऊ नये, असा विचार त्यामागे होता.

ते कौशल्य सोपे नाही. नत्र देताना हात आखडता घ्यावा लागतो. जास्त खत दिल्यास पीक हिरवेगार दिसते व पावसाच्या पहिल्या जोरदार सरीत आडवे होते. लावणीनंतर महिन्याभराने, फुटवे पुरेसे झाले की खाचरातील पाणी काढून जमिनीला बारीक भेगा पडेपर्यंत ती वाळू देतात. त्यामुळे निरुपयोगी फुटवे थांबतात, मुळे खोल जातात व काड टणक होते. निसवल्यानंतर ऑगस्टमध्ये दिवसा ऊन व रात्री डोंगरावरचा गारवा यांत दाणा सावकाश भरतो. उओनुमा खोऱ्यातील तांदळाच्या चवीचे श्रेय शेतकरी या गारव्यास व बर्फाच्या पाण्यास देतात. १९७९ पासून कोशिहिकारी ही जपानमधील सर्वांत जास्त क्षेत्रावरची जात आहे.

तांदूळ साठविण्यासाठीही बर्फाचा उपयोग करतात. कोठारात हिवाळ्यातील बर्फाचा ढीग घालून ठेवतात. त्याच्या गारव्याने, विजेचा फारसा खर्च न होता, तूस काढलेला तांदूळ उन्हाळाभर ताज्यासारखा राहतो. नदीकाठच्या नऊ पायऱ्यांच्या पठारावर वसलेल्या शेजारच्या त्सुनान गावात शरदातील गाजर मुद्दाम जमिनीतच ठेवतात व वसंतात बर्फ उकरून काढतात. बर्फाखाली जमीन गोठत नाही. तेवढ्या काळात गाजराची गोडी वाढते, व त्यास भावही बरा मिळतो.

हात कमी, उष्णता अधिक

असे असूनही या डोंगरांतील खाचरे दरवर्षी कमी होत आहेत. जपानी माणूस १९६२ मध्ये वर्षाला सुमारे ११८ किलो तांदूळ खात असे, आता त्याच्या निम्म्याहूनही कमी खातो. १९७० पासून २०१८ पर्यंत सरकारनेच भाताचे क्षेत्र कमी करविले, व ज्या लहान वेड्यावाकड्या खाचरांत यंत्र वळत नाही ती प्रथम सुटली. तरुण शहरात गेले. २३ ऑक्टोबर २००४ रोजी या भागास ६.८ प्रतीचा भूकंप झाला. बांध फाटले, पाट तुटले, डोंगर घसरले. दुरुस्ती होण्यापूर्वीच त्यावर हिवाळ्याचा बर्फ पडला. कित्येक वृद्ध शेतकऱ्यांनी त्यानंतर नांगर पुन्हा हाती घेतला नाही.

खाचर सोडले, की नुकसान एकाच शेतकऱ्याचे होत नाही. पाणी न राहिल्याने चिकण जमीन वाळून भेगाळते, बर्फाचे पाणी भेगांत शिरते व बांध ढासळून खालच्याच्या शेतावर येतो. म्हणून डोंगरी भागात शेती चालू ठेवणाऱ्यांना सरकार २००० पासून थेट अनुदान देते. शहरातील लोक वार्षिक वर्गणी देऊन एखाद्या खाचराचे पालक होतात, हंगामअखेर त्यांस त्यातील तांदूळ मिळतो. २००० पासून दर तीन वर्षांनी भरणाऱ्या कलामहोत्सवामुळेही बाहेरचे लोक या खेड्यांत येऊ लागले. पाहुणे फार झाले तरी बांधावरचे गवत कापणारे हात त्याच प्रमाणात वाढत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

अलीकडे उष्णतेचे नवे संकट आले आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात पाऊस ओढला व दाणे भरण्याच्या काळात रात्रीही उकाडा राहिला. दाणे दुधी व पांढरट पडले, आणि निइगातातील कोशिहिकारीचा फारच थोडा भाग पहिल्या प्रतीचा ठरला. उष्णता सहन करणारी 'शिन्नोसुके' ही जात प्रांताने २०१७ पासून बाजारात आणली आहे. तिच्याकडे आता अधिक शेतकरी वळत आहेत.

जे शेतकरी डोंगरावर टिकून आहेत, त्यांच्यापैकी अनेकांचे वर्षातील शेवटचे काम कापणीनंतर येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते बांधावरील उंदरांची बिळे बुजवितात, वरच्या खाचराचे तोंड बंद करतात व पावसाचे पाणी अडवून खाचर पुन्हा भरून ठेवतात. त्यामुळे जमीन भेगाळत नाही, आणि डिसेंबरातील पहिला बर्फ त्या पाण्यावरच पडतो.