पोटातली भूक आणि मनातली भीती



कार्यक्रमपत्रिका आणि जाहिराती चाळून झाल्या असतील, तर पाच मिनिटे या पानासाठी द्या. यंदा मंडळाच्या निधीतला एक वाटा ओकलंड परिसरातल्या फूड बँकेला द्यायचा आहे. "अमेरिकेत कसली आलीय उपासमार?" असे आधी आम्हालाही वाटायचे. आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, आकडे पाहिल्याशिवाय पटत नाही. म्हणून सुरुवात आकड्यांनीच करतो.

अमेरिकन कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ साली देशातली १३.५ टक्के घरे 'फूड इनसिक्युअर' होती. अशा घरांत सुमारे १ कोटी ३८ लाख मुले राहत होती. याचा अर्थ ती रोज उपाशी झोपतात असा नाही. पगार हातात येण्याआधी किराणा संपेल ही धास्ती, भाडे भरल्यावर उरेल त्यात भागवणे, ताटातले कमी करणे, एखादे जेवण चुकवणे, हे सगळे त्यात येते.

लहान मूल भूक लागली की रडते. पंधरा वर्षांचा मुलगा रडत नाही, "मी बाहेर खाल्लं" म्हणतो. २०१६ साली अर्बन इन्स्टिट्यूट आणि फीडिंग अमेरिका या संस्थांनी दहा ठिकाणच्या १९३ मुलामुलींशी गटागटाने बोलून एक अहवाल काढला. धाकट्या भावंडांना पुरावे म्हणून आपण कमी खाणारी मुले त्यात भेटतात. लोक काय म्हणतील म्हणून मदत घ्यायला लाजणारी मुले भेटतात. आणि फारच ओढगस्त झाली की चोरीकडे, ड्रग्ज विकण्याकडे किंवा लैंगिक शोषणाकडे ढकलली जाणारीही भेटतात.

आता मनाचा प्रश्न. भूक पोटापुरती राहत नाही, हे १९४४-४५ सालच्या मिनेसोटातल्या एका प्रयोगात दिसले होते. ३६ धडधाकट तरुणांनी स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी राहून पाहिले. ते चिडचिडे आणि उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले, डोक्यात सतत खाण्याचेच विचार. त्यांना निदान प्रयोग कधी संपणार ते ठाऊक होते. आपल्या शहरातल्या मुलाला तेही ठाऊक नसते. शिवाय त्याचे वाढीचे वय, म्हणजे अंगाला सगळ्यात जास्त लागते तेव्हाच कमी मिळते. झोप नीट होत नाही, वर्गात लक्ष लागत नाही, आणि शिक्षक म्हणतात, "आळशी आहे." १३ ते १७ वयाच्या अमेरिकन मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात (२०१२) घरची गरिबी हिशेबातून वेगळी काढली, तरीही अन्नाची चणचण आणि मानसिक आजार यांचा संबंध उरलाच. एकामुळेच दुसरे होते हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगेही ते नाही.

यातली लाज आपल्याला नवी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कितीतरी मुले पुण्यात वार लावून जेवली आणि शिकली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अन्न मिळायचे, पण परक्या उंबऱ्यावर उभे राहताना जे वाटायचे ते त्यातले बरेच जण म्हातारपणीही विसरले नाहीत.

म्हणूनच मदत कशी पोचते याला महत्त्व आहे. याच ओकलंडमध्ये १९६९ साली ब्लॅक पँथर पक्षाने एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. २०२२-२३ च्या शालेय वर्षापासून तर कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत सगळ्याच मुलांना नाश्ता आणि दुपारचे जेवण मोफत मिळते. सगळ्यांनाच मिळते, त्यामुळे 'हा फुकटचं खातो' असे कोणी कोणाला म्हणू शकत नाही. पण शुक्रवारी दुपारी बाराला जेवलेल्या मुलाला शाळेतला पुढचा घास मिळतो सोमवारी सकाळी आठला. म्हणजे ६८ तास! उन्हाळ्याच्या सुट्टीचा हिशेब तुम्हीच करा. हीच भोके फूड बँक बुजवते.

आपण काय करायचे? डब्यांपेक्षा चेक द्या. फूड बँका घाऊक भावात घेतात, त्यामुळे तेवढ्याच डॉलरमध्ये त्यांच्याकडून जास्त अन्न येते. वेळ असेल तर पॅकिंगला या. आणि आपला मुलगा किंवा मुलगी कॉलेजला जाण्याआधी एकदा तरी त्यांना बरोबर आणा.

शेवटची गोष्ट चेकबुकाशिवाय करण्यासारखी आहे. मुलाचा एखादा मित्र संध्याकाळी नेमका जेवणाच्या वेळेपर्यंत रेंगाळत असेल, तर त्याला "जेवणार का?" असे विचारू नका. विचारले की तो "नको" म्हणणार, आपण नाही का म्हणत? "हात धू, पान वाढलंय" एवढेच म्हणा.