काळ्या मातीखालचा राखाडी थर

काळी जमीन म्हटले की महाराष्ट्रात डोळ्यांसमोर येते ती कापसाची जमीन. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगून पायाला चिकटणारी. अमेरिकेच्या मध्यभागी इलिनॉय राज्यातही मैलोनमैल अशीच काळी शेते पसरलेली आहेत. रंग जवळपास तोच, पण काळेपणाचे कारण वेगळे. दख्खनची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्यापेक्षाही कमी असतो. तो चिकणमातीच्या कणांना घट्ट बिलगलेला असल्याने माती गडद दिसते. इलिनॉयच्या मातीचा काळा रंग मात्र खरोखर सेंद्रिय पदार्थाचाच आहे. हजारो वर्षे गवताची मुळे जिथल्या तिथे कुजून तो साठा तयार झाला आहे.

या मातीचे नाव ‘ड्रमर’. मातीचा एखादा प्रकार जिथे पहिल्यांदा नीट पाहून नोंदवला जातो, तिथल्या गावाचे किंवा ओढ्याचे नाव त्याला देण्याची पद्धत अमेरिकेत आहे. फोर्ड परगण्यातल्या ड्रमर नावाच्या ओढ्यावरून हे नाव आले. एकट्या इलिनॉयमध्ये ही माती 15 लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर आहे. 2001 मध्ये तिला ‘राज्य मृदा’ म्हणून मान्यता मिळाली; राज्याचा पक्षी किंवा फूल असते, तशी ही राज्याची माती. मका आणि सोयाबीनसाठी जगातल्या सर्वात सुपीक जमिनींत तिची गणना होते.

या सुपीकतेत एक विरोधाभास दडलेला आहे. माती श्रीमंत झाली ती तिच्यावर पाणी साचत होते म्हणून. आणि शेतीयोग्य झाली ती ते पाणी काढून टाकले म्हणून. त्याची किंमत आज पिण्याच्या पाण्यात मोजावी लागते आहे. हे सगळे समजून घ्यायचे तर जमिनीत दीड मीटर खोल उतरावे लागते.

दीड मीटरचा छेद

मृदाशास्त्रज्ञ खड्डा खणून मातीचा उभा छेद वाचतात. ड्रमरच्या छेदात वरचे सुमारे 18 सेंटिमीटर म्हणजे नांगरटीचा थर. हा थर काळा, मऊ आणि रवाळ असतो. मूठभर माती दाबली तर ती ढेकळासारखी न फुटता भुसभुशीत दाण्यांत सुटते. त्याखाली आणखी तेवढाच थर नांगर न लागलेला, पण तितकाच काळा. म्हणजे जवळजवळ 35 सेंटिमीटर, हातभर जाडीची सलग काळी माती. या वरच्या मातीत सेंद्रिय पदार्थ साधारण 4 ते 7 टक्के भरतात. अशा जाड, मऊ, काळ्या आवरणाच्या मातींना ‘मॉलिसॉल’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘मॉलिस’ म्हणजे मऊ. युक्रेनची आणि अर्जेंटिनाच्या पम्पास प्रदेशाची काळी मातीही याच गटातली.

त्यानंतर दहा-बारा सेंटिमीटरचा संक्रमणाचा पट्टा लागतो. काळा रंग हळूहळू उतरत जातो आणि सुमारे अर्ध्या मीटरवर चित्र पालटते. माती राखाडी होते. त्या राखाडीवर अधूनमधून तांबूस-पिवळे ठिपके दिसतात. काही ठिकाणी प्राण्यांची बुजलेली जुनी बिळे असतात. त्यांत वरून घसरलेली काळी माती राखाडी भिंतीत शाई सांडावी तशी उठून दिसते.

एक ते दीड मीटरच्या दरम्यान कणांची जातच बदलते. वरची सगळी माती बारीक गाळाची, आणि खाली वाळू-पोयट्याचे एकावर एक पातळ थर. हे खालचे थर वितळत्या हिमस्तराच्या पाण्याने आणून टाकलेले आहेत. वरची माती वाऱ्याने आणली. शेवटच्या हिमयुगात नद्यांच्या पात्रांत पडलेला बारीक गाळ वाळला, उडाला आणि सपाट प्रदेशावर पसरला. वाळूपेक्षा बारीक, पण चिकणमातीपेक्षा जाड अशा कणांच्या या धुळीला ‘लोएस’ म्हणतात. पाणी धरून ठेवायला आणि मुळांना देत राहायला हे कण फार सोयीचे असतात.

गंज आणि राखाडी रंग

राखाडी रंग हा या मातीचा खरा दाखला आहे. लोखंडी खिळा हवेत गंजून तांबडा होतो. मातीतल्या लोहाचेही तसेच असते; हवा मिळाली की ते तांबूस-तपकिरी रंग देते. पण माती महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिली की तिच्यातला प्राणवायू संपतो. मग काही जिवाणू प्राणवायूऐवजी लोहाच्या संयुगांवर श्वसन भागवतात. त्यात लोहाचे रूप बदलते, ते पाण्यात विरघळते, वाहून जाते आणि मागे कणांचा मूळ राखाडी रंग उरतो. तांबूस ठिपके असतात तिथे मुळांच्या किंवा बिळांच्या वाटेने थोडी हवा आत शिरलेली असते.

म्हणजे राखाडी थर सांगतो की इथे पाणी साचून राहत होते. ड्रमर ही माती सपाट आणि किंचित खोलगट भागांत आढळते. पाऊस आणि वितळलेला बर्फ तिथेच थांबायचा. वर माणसाच्या उंचीहून उंच वाढणारे प्रेअरीचे गवत. त्याची मुळे दोन मीटरपर्यंत किंवा त्याहून खोल जात आणि दरवर्षी त्यांतला मोठा भाग मरून नवी मुळे फुटत. विजेमुळे लागणाऱ्या आणि मूळ निवासी समाजांनी लावलेल्या वणव्यांमुळे झाडे वाढू शकली नाहीत, गवत टिकले. कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. ओल्या मातीत त्यांचे काम संथ चालते. भर पडत राहिली, खर्च कमी झाला. काळा थर असा साठला.

हिवताप ते भाजक्या नळ्या

एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या युरोपीय वसाहतकारांना ही जमीन सोपी गेली नाही. प्रेअरीची चिवट माती लाकडी आणि ओतीव लोखंडाच्या नांगराला चिकटून बसे. 1837 मध्ये जॉन डिअर या लोहाराने इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि ती अडचण सुटली. पण खोलगट भाग वसंतभर पाण्यात असे. आपल्याकडे ज्याला चिबड जमीन म्हणतात, तशी. पेरणीच्या वेळी वाफसाच येत नसे. शिवाय डास आणि हिवताप. थंडी वाजून येणारा ताप हा तेव्हा मध्य इलिनॉयमध्ये नित्याचा आजार होता आणि क्विनाइन हे घरोघरचे औषध.

उपाय मिळाला तो भाजक्या मातीच्या नळ्यांमध्ये. जमिनीखाली साधारण मीटरभर खोलीवर या नळ्या एकापुढे एक ठेवायच्या. सांध्यांतून पाणी आत झिरपते आणि उताराने चरात, तिथून ओढ्यात जाते. 1879 च्या राज्य कायद्याने शेतकऱ्यांना निचऱ्यासाठी एकत्र येऊन खर्च वाटून घेण्याची सोय झाली आणि काही दशकांत दलदल नाहीशी होऊन शेते उभी राहिली. पुढे मातीच्या नळ्यांची जागा छिद्रे पाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांनी घेतली. हिवताप ओसरण्यामागे निचऱ्याबरोबर सुधारलेली घरे, खिडक्यांच्या जाळ्या आणि औषधे अशी इतरही कारणे होती. पण पाणथळ जागा कमी होण्याचा त्यात वाटा होता. मूळ प्रेअरीचे मात्र फारसे काही उरले नाही. इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. त्यातली चांगल्या स्थितीतली जेमतेम 2,500 एकर शिल्लक आहे.

नळीतून काय जाते?

पाणी गेले, हवा आत आली आणि जिवाणूंचा वेग वाढला. हजारो वर्षे साठलेला सेंद्रिय पदार्थ कुजू लागला, त्यातला नत्र मोकळा झाला. पिकांना ती मेजवानीच होती. पण मोकळ्या नत्राचे जिवाणू नायट्रेट बनवतात, आणि नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो. मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋणभारच. त्यामुळे कॅल्शियम, पोटॅशियमसारखी पोषकद्रव्ये माती धरून ठेवते, नायट्रेट मात्र पाण्याबरोबर निसटते. त्यात खतांतून दिलेल्या नत्राची भर पडते. सर्वाधिक गळती वसंतात होते, कारण तेव्हा पाऊस असतो, नळ्या भरून वाहतात, पण नत्र उचलायला शेतात पीक नसते.

या नायट्रेटचा आरोग्याशी संबंध 1945 मध्ये स्पष्ट झाला. शेजारच्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी शेतघरांतली तान्ही बाळे निळसर पडत असल्याची नोंद केली. बाळांच्या दुधाची भुकटी विहिरीच्या पाण्यात कालवली जात होती आणि त्या पाण्यात नायट्रेट फार होते. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट बनते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप असे बदलते की ते प्राणवायू पोचवू शकत नाही. सर्वाधिक धोका सहा महिन्यांखालच्या बाळांना असतो. पाणी उकळून हा धोका टळत नाही. उलट पाणी आटल्याने नायट्रेटचे प्रमाण वाढते. भारतात पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेची मर्यादा नत्राच्या हिशेबात 10 मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास तेवढीच.

आयोवाची राजधानी डे मॉइन नद्यांचे पाणी पिते. त्या नद्यांना ड्रमरच्याच कुळातल्या, नळ्यांनी निचरा केलेल्या शेतांचे पाणी मिळते. तिथल्या जलपुरवठा यंत्रणेला 1990 च्या दशकापासून नायट्रेट काढण्याचा स्वतंत्र प्रकल्प चालवावा लागतो. जून 2025 मध्ये नद्यांतले नायट्रेट इतके वाढले की शुद्धीकरणावरचा ताण कमी करण्यासाठी त्या परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली. उरलेले नायट्रेट मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात पोचते. तिथे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. 2017 मध्ये असा प्राणवायूविना पट्टा सुमारे 22,700 चौरस किलोमीटरचा झाला होता.

साठा किती पुरेल?

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना इथल्या आवारात 1876 पासून ‘मॉरो प्लॉट्स’ नावाचे प्रायोगिक शेत चालू आहे. तिथली माती ड्रमरची शेजारीण, थोड्या उंचवट्यावरची फ्लॅनगन माती आहे. वर्षानुवर्षे फक्त मका घेतलेल्या आणि काहीच परत न दिलेल्या तुकड्यातला सेंद्रिय कर्ब घटत गेला, उत्पादनही मागे पडले. ओट आणि गवताची फेरपालट असलेला भाग त्या मानाने सावरून राहिला. या शेतावर सावली पडू नये म्हणून 1960 च्या दशकात शेजारचे ग्रंथालय जमिनीखाली बांधले गेले.

साठा खर्च होण्याची दुसरी वाट म्हणजे धूप. अमेरिकेच्या मका पट्ट्यात सुमारे एक तृतीयांश शेतजमिनीवरचा काळा थर पूर्ण गेला असावा, असा अंदाज उपग्रह चित्रांवर आधारलेल्या एका अभ्यासाने 2021 मध्ये मांडला. हे नुकसान उंचवट्यांवर दिसते. खोलगट भागातली ड्रमर उलट वरून आलेली माती झेलते, म्हणून काळीच राहते. 1 मे 2023 रोजी मध्य इलिनॉयमध्ये नुकत्याच मशागत झालेल्या उघड्या शेतांची माती वाऱ्याने उडाली, महामार्गावर काही दिसेनासे झाले आणि गाड्या एकमेकींवर आदळून किमान सात जणांचा बळी गेला.

उपाय माहीत आहेत. मका-सोयाबीनच्या मधल्या काळात राय गवतासारखे आच्छादन पीक घेतले तर ते वसंतातला नत्र उचलते आणि माती झाकते. नळीचे पाणी ओढ्यात सोडण्याआधी लाकडाच्या ढलप्या भरलेल्या चरातून किंवा छोट्या पाणथळ जागेतून नेले तर तिथले जिवाणू नायट्रेटचे निरुपद्रवी नत्रवायूत रूपांतर करतात. हे काम पूर्वी ओल्या प्रेअरीत आपोआप होत होते. नद्यांत जाणारा नत्र आणि स्फुरद अखेरीस 45 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट इलिनॉयने 2015 मध्ये ठरवले. पण आच्छादन पिकाचा खर्च शेतकऱ्याचा आणि स्वच्छ पाण्याचा फायदा खालच्या गावाचा, हा हिशेब अजून जुळलेला नाही.

सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यातही चिबड आणि क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी सच्छिद्र नळ्यांचा भूमिगत निचरा केला जातो. तिथली माती आणि पाऊसमान वेगळे आहे, आणि जमीन वाचवण्यासाठी निचरा आवश्यकही आहे. मात्र नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय आहे आणि ते पुढे कोणाच्या विहिरीत किंवा नदीत जाते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू होतो.

ड्रमरच्या छेदातला राखाडी थर शंभराहून अधिक वर्षांच्या निचऱ्यानंतरही राखाडीच आहे. शेताखालची एखादी नळी फुटली किंवा बुजली की त्या जागी पुढच्याच वसंतात पुन्हा पाणी साचते.