लाटांचा ताल आणि पोलादी मनोरा

मेक्सिकोच्या आखातात ४१२ मीटर खोल पाण्यात १९८८ साली उभारलेल्या ‘बुलविंकल’सारख्या पोलादी तेलमनोऱ्याला लाटेच्या उंचीइतकेच भय असते ते तिच्या तालाचे; कारण मनोऱ्याचा नैसर्गिक आवर्तनकाल लाटांच्या आवर्तनकालानजीक गेला, की कंपने अनावर होतात. हा काल ५ सेकंदांवरून ४ सेकंदांवर आणावयाचा, तर वस्तुमान तेच धरूनही ताठरता सुमारे ५६ टक्क्यांनी वाढवावी लागते. परंतु नळ्या जाड केल्या, की वस्तुमानही वाढते आणि हिशेब पुन्हा बिघडतो. व्यस्त-विचलन पद्धतीत संगणकाला इष्ट आवर्तनकालच प्रथम फर्मावला जातो, आणि कोणत्या नळीची जाडी किती बदलावी, हे तो मूळ आराखड्याच्या कंपनरूपांवरून शोधून काढतो. ही उलटी वाट मला विलक्षण सुंदर वाटते. मनोरा वाकताना पायथ्याजवळ ताण सर्वाधिक असल्याने तेथे घातलेले पोलाद माथ्यावरच्या पोलादाहून कितीतरी अधिक कामी येते.