चाळणीतून आलेली औषधे

ऑक्टोबर १९८१मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकाने मुखपृष्ठावरच जाहीर करून टाकले, की मर्क कंपनीत औषधे संगणकावर घडू लागली आहेत आणि पुढची औद्योगिक क्रांती हीच. घाई जरा जास्तच झाली.

पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्विन कुंट्झ यांच्या गटाने ‘डॉक’ हा प्रोग्रॅम मांडला. प्रथिनाच्या पृष्ठभागावरची खोबण काल्पनिक गोलांनी भरायची आणि त्या गोलांच्या जागी रेणूचे अणू बसतात का ते पाहायचे, एवढीच रीत. प्रथिन ताठ, रेणूही ताठ. प्रत्यक्षात दोघेही सतत हलतात हे सगळ्यांना ठाऊक होते, पण त्या काळच्या यंत्रांना याहून जास्त झेपत नव्हते.

याच गटाने १९९०मध्ये सुमारे १० हजार रेणू एचआयव्हीच्या प्रोटिएज या विकरावर बसवून पाहिले. हाती काय लागले? हॅलोपेरिडॉल! मनोविकारावरचे जुने, परिचित औषध. परीक्षानळीत ते विकराला खरोखर रोखत होते, पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला सोसणारी नव्हती. औषध मिळाले नाही. रीत मात्र खरी ठरली.

कंपन्यांची खात्री पटायला आकडे लागतात. ते २००२मध्ये आले. मधुमेहाशी संबंधित एका विकरासाठी प्रयोगशाळेत ४ लाख संयुगे तपासली, तेव्हा ०.०२१ टक्के कामाची निघाली. संगणकाने २ लाख ३५ हजारांतून निवडलेल्या ३६५ संयुगांपैकी मात्र १२७. दोन्हीकडचे संग्रह वेगळे होते, तेव्हा ही कुस्ती अगदी बरोबरीची नव्हे. तरी फरक डोळ्यांत भरणारा होता.

माझ्या मते खरे वळण त्यानंतरचे, आणि ते गणितापेक्षा मालाचे आहे. कीव्हच्या एनामाइन कंपनीने बाटलीत नसलेले, पण मागणी येताच बनवता येतील असे कोट्यवधी रेणू यादीत आणले. २०१९मध्ये डोपामाइनच्या डी-४ ग्राहीसाठी १३ कोटी ८० लाख रेणू चाळले गेले. त्यांतले ५४९ बनवून तपासले, १२२ चालले. रेणू खोबणीत किती घट्ट बसेल याला संगणकाने गुण देण्याची पद्धत मात्र अजूनही ढोबळच आहे. खोबणीतल्या पाण्याचा हिशेब तिला आजही नीट जमत नाही.

कोविडने तर कहरच केला. प्रोग्रॅम फुकट, प्रयोगशाळा बंद, लॅपटॉप घरात. हळदीतल्या कुर्क्युमिनपासून दिसेल तो रेणू विषाणूवर बसवून शोधनिबंध निघाले. बहुतेकांच्या निष्कर्षांना परीक्षानळीचे तोंडही दिसले नाही. आपल्याकडेही २०२०मध्ये सरकारने औषधशोधाची हॅकेथॉन घेतली, सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था तिच्यात सहभागी होती.

त्या गर्दीत जपानच्या शिओनोगी कंपनीने आपल्याच संग्रहातली संयुगे आधी संगणकावर चाळली, उरलेली प्रयोगशाळेत तपासली, मग निवडलेल्या रेणूवर रसायनतज्ज्ञांनी हात फिरवला. त्यातून आलेल्या एन्सिट्रेल्व्हिर या कोविडवरच्या औषधाला जपानने नोव्हेंबर २०२२मध्ये आपत्कालीन मंजुरी दिली.