कडेवरचे मूल आणि आईचे मनगट

जन्मवेळी सुमारे ३ किलो भरणारे अर्भक साधारणतः पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट वजनाचे होते. आणि हे वाढते ओझे दिवसभर पाळण्यातून उचलणारी, न्हाऊ घालणारी, कडेवर घेऊन पेज ढवळणारी माता, तेच मूल तिला पाहताच दोन्ही हात पसरून झेपावते तेव्हा, स्वतःच्या देहाच्या तक्रारींची दखल घेण्याचे सहजच विसरते. या झेपावण्याच्या तोडीचे सुख संसारात विरळाच.

त्या तक्रारींपैकी मनगटाची विशेष जाणून घेण्याजोगी आहे. मुलाच्या काखांत हात घालून, अंगठे ताणून त्याला वारंवार उचलल्याने अंगठ्याच्या मुळाशी मनगटावरून जाणाऱ्या दोन कंडरांभोवतीचे आवरण जाड होते, त्यांना सरकण्यास जागा अपुरी पडते, आणि मग दुपटे पिळणेदेखील असह्य होते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे मात्र ‘बाळंतिणीचे अंग दुखायचेच’ एवढ्यावर त्याची बोळवण होते, हे अन्यायाचे आहे.

उचलताना मनगट सरळ ठेवावे, एक तळहात मुलाच्या बुडाखाली व दुसरा पाठीशी द्यावा, आणि कडेची बाजू बदलत राहावी. दुखू लागल्यास आधारपट्टीने अंगठ्यास विश्रांती द्यावी. तरीही न हटल्यास डॉक्टरांना दाखवण्यात हयगय करू नये. आणि विश्रांतीस फुरसत मिळावी म्हणून घरच्या मंडळींनी, विशेषतः मुलाच्या वडिलांनी, या उचलण्यातला निम्मा वाटा तरी आपल्या अंगावर घ्यावा.