पाइप तंबाखू, मिश्र : सिगार-पान व व्हर्जिनिया

पाइपमधून ओढण्यासाठी दोन वा अधिक प्रकारांची तंबाखू ठराविक प्रमाणात एकत्र करून तयार केलेल्या मालास मिश्र पाइप तंबाखू म्हणतात. प्रस्तुत नोंदीत अशा मिश्रणांपैकी सिगार-पान (सिगार वळण्यासाठी पिकविलेली, हवेत वाळविलेली व किण्वनाने म्हणजे आंबण्याच्या क्रियेने मुरविलेली तंबाखू) आणि व्हर्जिनिया (तापविलेल्या कोठीत वाळविलेली पिवळी, शर्करायुक्त तंबाखू) यांच्या मिश्रणांची माहिती दिली आहे. ही दोन्ही पाने सोलॅनेसी कुलातील निकोटियाना टॅबॅकम या एकाच जातीच्या वनस्पतीची असतात; तथापि वाळविण्याच्या व मुरविण्याच्या भिन्न पद्धतींमुळे पहिलीचा धूर क्षारीय, तर दुसरीचा अम्लीय होतो. मिश्रणाची चव, त्याचे ज्वलन आणि त्यातून शरीरात जाणारे निकोटीन या तिन्ही गोष्टींवर या फरकाचा प्रभाव पडतो [→ तंबाखू].

इतिहास : उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत जॉन रॉल्फ यांनी सु. १६१२ मध्ये स्पॅनिश प्रदेशातील बियाणे आणून लागवड सुरू केली. तेथील मूळ रहिवाशांची निकोटियाना रस्टिका ही तंबाखू इंग्रजांना तिखट वाटे. नवी तंबाखू मात्र इंग्लंडच्या बाजारात चांगली खपली व वसाहतीचे नाव तिला चिकटले. त्या काळची व्हर्जिनिया आजच्यासारखी पिवळी नव्हती. १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅझवेल परगण्यात अबिशा स्लेड यांच्या मळ्यावरील स्टीफन या गुलामाने वाळवण-कोठीतील विझू लागलेल्या आगीवर लोणारी कोळसा टाकला आणि वाढलेल्या उष्णतेने पाने झळझळीत पिवळी झाली, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे धूर पानांना न लागता केवळ उष्णता मिळावी म्हणून कोठीतून धातूचे नळ फिरविण्यात आले व ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

सिगार-पानाचा इतिहास प्रामुख्याने स्पॅनिश वसाहतींशी निगडित आहे. क्यूबाच्या पश्चिम भागातील व्ह्वेल्ता आबाहो हा प्रदेश या पानासाठी विख्यात आहे. ब्रिटनमध्ये पाइप सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रचारात होता. सिगार मात्र स्पेनमधील युद्धावरून (१८०८–१४) परतलेल्या सैनिकांमुळे लोकप्रिय झाली. पुढे सिगार कारखान्यांत उरणारी कातरणे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचा वेगळा व्यापार सुरू झाला. अमेरिकेतील वीलिंग (वेस्ट व्हर्जिनिया) येथील ब्लॉक बंधूंनी १८७९ मध्ये सुरू केलेल्या धंद्यात अशी कातरणे स्वादयुक्त करून चघळण्यासाठी विकली. स्वस्त माल म्हणून ती पाइपमध्येही भरली जात. सिगार-पान हे काटकसरीचे साधन न राहता मिश्रणाचा हेतुपुरस्सर निवडलेला घटक बनले, ही त्यानंतरची अवस्था होय. अमेरिकेतील कॉर्नेल अँड डील या उत्पादकाचे ‘बिली बड’ हे लॅटाकिया व सिगार-पान असलेले मिश्रण याचे परिचित उदाहरण आहे.

व्हर्जिनिया : हे पान खुडल्यानंतर बंद कोठीत सु. पाच ते सात दिवसांत वाळविले जाते. आरंभी तापमान ३५° से. च्या आसपास व हवा दमट ठेवतात. या काळात पान जिवंत असते आणि त्यातील स्टार्चाचे एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) साहाय्याने शर्करेत रूपांतर होते. पान पिवळे होताच तापमान टप्प्याटप्प्याने वाढवून देठ व मधली शीर वाळविण्यासाठी अखेरीस ७०° से. च्या थोडे वर नेतात. त्यामुळे एंझाइमांचे कार्य थांबते आणि तयार झालेली शर्करा पानातच राहते. तिचे प्रमाण चांगल्या पानात वजनाच्या १५ ते २० टक्के वा अधिकही असते. ही शर्करा जळताना फॉर्मिक, ॲसिटिक इ. अम्ले निर्माण होतात व धूर अम्लीय होतो. फिकट पिवळ्या पानाला गवत, मध व लिंबू यांची, तर अधिक पक्व तांबूस पानाला सुकी फळे व भाजलेला पाव यांची आठवण करून देणारी चव असते. निव्वळ व्हर्जिनिया भराभर ओढल्यास तिचा उष्ण, दमट धूर जीभ पोळतो, हा तिचा सर्वज्ञात दोष आहे.

सिगार-पान : हे पान हवेशीर छपरात टांगून सु. चार ते आठ आठवडे सावकाश वाळू देतात. या दीर्घ काळात पेशींचे श्वसन चालू राहून शर्करा जवळजवळ पूर्णपणे खर्च होते. नंतर पाने ओलसर करून त्यांचे मोठे ढीग रचतात. ढिगाच्या अंतर्भागातील तापमान आपोआप वाढून ५०° से. वा त्याहून अधिक होते. पाने भाजून निघू नयेत म्हणून ढीग वेळोवेळी मोडून आतली पाने बाहेर व बाहेरची आत अशी पुन्हा रचावी लागतात. या किण्वनात प्रथिनांचे विघटन होते, अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू बाहेर पडतात, निकोटीन काही अंशी घटते आणि रंग गडद तपकिरी होतो. कातडे, ओली माती, कोको व मिरी यांसारख्या गंधच्छटा या प्रक्रियेतून येतात. शर्करेचा अभाव आणि नायट्रोजनयुक्त संयुगांची विपुलता यांमुळे धूर क्षारीय होतो.

सिगारीत पानांचे भरण, बंध व आवरण असे तीन वर्ग असतात. आवरणाचे पान पातळ व डागरहित लागते. कनेक्टिकट राज्यात ते १९०० पासून कापडी मांडवाच्या सावलीत पिकविले जाऊ लागले. पाइपच्या मिश्रणात दिसण्याला महत्त्व नसल्याने बहुधा भरणाची व बंधाची पाने वापरतात. क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, निकाराग्वा, ब्राझील, इंडोनेशिया तसेच अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया व कनेक्टिकट येथे सिगार-पान पिकते.

मिश्रणाचे रसायनशास्त्र : निकोटीन हे अल्कलॉइड असून स्वतः क्षारकीय आहे. अम्लीय धुरात ते लवणाच्या, म्हणजे विद्युत् भारित रूपात असते. क्षारीय धुरात त्याचा मोठा भाग मुक्त रूपात येतो. पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारा अंक, ७ हा उदासीन) सहा असताना मुक्त निकोटीन एकूण निकोटिनाच्या सु. १ टक्का, सात असताना सु. ९ टक्के आणि आठ असताना सु. ५० टक्के असते. म्हणजेच पीएच मूल्यातील थोड्या वाढीने मुक्त निकोटिनात फार मोठी वाढ होते. व्हर्जिनियाच्या धुराचे पीएच मूल्य सामान्यतः सहाच्या खाली असते; सिगारीच्या धुराचे ते सातच्या आसपास वा त्याहून अधिक असून सिगार संपत येते तसे आणखी वाढते.

मुक्त निकोटीन घशाला खवखव आणते व धूर ‘कडक’ लागतो. उलट, केवळ अम्लीय धूर गोडसर पण पातळ वाटतो. दोहोंच्या मिश्रणात व्हर्जिनियापासून बनणारी अम्ले सिगार-पानातील अमोनियाचा काही भाग उदासीन करतात, तर सिगार-पान धुराला भरीवपणा देते. सिगार-पान अतिरिक्त झाल्यास ते व्हर्जिनियाची गोडी झाकून टाकते. म्हणून मिश्रणात त्याचे प्रमाण सामान्यतः एक-पंचमांशाहून कमी ठेवतात.

पुढील बदल साठवणीत होतात. शर्करा व अमोनिया किंवा ॲमिनो अम्ले यांच्यातील विक्रियेने (भाजलेल्या पावाचा तपकिरी रंग व वास हे अशाच विक्रियेचे फळ आहे) पायराझिने व इतर सुगंधी संयुगे तयार होतात. शर्करा एका पानातून व नायट्रोजन दुसऱ्यातून मिळत असल्याने ही विक्रिया होण्यास दोन्ही पाने निकट संपर्कात यावी लागतात. दाबून वडी केलेले मिश्रण सुट्या मिश्रणापेक्षा अधिक एकजीव लागते, त्याचे हे एक कारण होय.

ज्वलनावरही पानाच्या घटकांचा परिणाम होतो. पोटॅशियमाची कार्बनी लवणे पान धुमसत ठेवण्यास मदत करतात. क्लोराइड मात्र विस्तव विझवते. त्याचे प्रमाण सु. २ टक्क्यांवर गेल्यास पान नीट जळत नाही. चांगले सिगार-पान पोटॅशियमाने समृद्ध असल्याने ते मिसळल्यावर पाइप वारंवार पेटवावा लागत नाही.

निर्मिती : प्रथम पानांच्या मधल्या शिरा काढून टाकतात. व्हर्जिनियाची पाने वाफेने मऊ करून थरांमध्ये रचतात, त्यांवर सिगार-पान पसरतात आणि यंत्राने दाब देऊन वडी बनवितात. काही वेळा दाबाबरोबर उष्णताही देतात. तीमुळे पाने गडद होतात. काही दिवस दाबाखाली ठेवलेल्या वडीच्या पातळ चकत्या कापल्या जातात. सुट्या मिश्रणासाठी दोन्ही पाने वेगवेगळी चिरून नंतर एकत्र करतात. अशा वेळी सिगार-पान काहीसे रुंद कापल्यास ते सावकाश जळते व त्याची चव अधूनमधून वेगळी जाणवते. तयार माल ओलावा टिकवून हवाबंद डब्यांत भरतात. फार कोरडे मिश्रण झपाट्याने व उष्ण जळते, तर फार ओले मिश्रण वाफ धरते व पुनःपुन्हा विझते.

या मिश्रणांत काही वेळा लॅटाकिया (लाकडाच्या धुरावर धरलेली पूर्व भूमध्य समुद्राकडील तंबाखू), बर्ली किंवा पेरीक यांचीही भर घालतात. लुइझिआना राज्याच्या सेंट जेम्स परगण्यातील पेरीक ही तंबाखू पिपांत मोठ्या दाबाखाली स्वतःच्याच रसात मुरविली जाते. व्हर्जिनियाला भारदस्तपणा देण्याचे तिचे कार्य सिगार-पानासारखेच आहे. परंतु सिगार-पान हवेच्या सान्निध्यात, तर पेरीक जवळजवळ हवेशिवाय मुरते. त्यामुळे पेरीकला आंबूस फळासारखा, तर सिगार-पानाला मातकट वास येतो.

भारत : या दोन्ही प्रकारांची तंबाखू भारतात पिकते. आंध्र प्रदेशातील गुंटूर परिसरात १९२० नंतरच्या दशकात व्हर्जिनियाची लागवड वाढली. सिगार व चिरूट यांचे पान तमिळनाडूतील दिंडिगल परिसरात आणि गोदावरीच्या पात्रातील बेटांच्या गाळजमिनीवर होते; ही बेटे ‘लंका’ म्हणून ओळखली जात असल्याने तेथील तंबाखूसही ‘लंका’ म्हणतात. ‘चिरूट’ हा शब्द तमिळमधील ‘शुरुट्टु’ (गुंडाळी) या शब्दावरून आला असून तिरुचिरापल्लीचे चिरूट ब्रिटिश अमदानीत इंग्लंडमध्येही प्रसिद्ध होते. राजमहेंद्री येथे १९४७ मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली; तिच्या तमिळनाडूतील वेदसंदूर येथील केंद्रात सिगारीच्या व चघळण्याच्या तंबाखूवर संशोधन करण्यात आले. निपाणी व कोल्हापूर भागात होणारी तंबाखू मुख्यत्वे विडीची असून तिचा पाइपच्या मिश्रणांशी संबंध नाही.

आरोग्यावरील परिणाम : धूर छातीत ओढला नाही, तर पाइप फारसा अपायकारक नसतो, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. अमेरिकेच्या सर्जन जनरल यांच्या १९६४ मधील अहवालात पाइप ओढणे व ओठाचा कर्करोग यांतील कार्यकारणसंबंध मान्य करण्यात आला होता. परंतु पाइप ओढणाऱ्यांचे मृत्युमान तंबाखू न ओढणाऱ्यांपेक्षा फारसे अधिक नसल्याचेही त्यात म्हटले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्क संस्थेने १९९८ मध्ये सिगारीविषयी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा प्रश्न अधिक बारकाईने तपासण्यात आला. धूर छातीत न घेणाऱ्या, पण नियमित सिगार ओढणाऱ्या व्यक्तींनाही मुख, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा वाढीव धोका असल्याचे त्यात दाखविले आहे.

याचे स्पष्टीकरण धुराच्या क्षारतेत सापडते. विद्युत् भारित निकोटीन तोंडाच्या श्लेष्मकलेतून (बुळबुळीत अस्तरातून) सहजी पार होत नाही. म्हणून अम्लीय धुराची सिगारेट ओढणारा धूर फुप्फुसांत नेतो. मुक्त निकोटीन मात्र तोंडातूनच रक्तात शोषले जाते. म्हणजे धूर छातीत न घेता व्यसन लागू शकते आणि जडलेल्या व्यसनापायी तोंडाच्या अस्तराचा धुरातील कर्कजनक द्रव्यांशी दररोज संपर्क येत राहतो. ही द्रव्ये लाळेबरोबर गिळली जाऊन अन्ननलिकेतही पोहोचतात. याखेरीज हवेत वाळविलेल्या व किण्वित तंबाखूत नायट्रोसामाइने या वर्गातील कर्कजनक संयुगांचे प्रमाण बरेचदा अधिक असते. व्हर्जिनियाच्या गोडीने मिश्रण सौम्य लागले, तरी त्यामुळे ही द्रव्ये नाहीशी होत नाहीत. धूर जिभेला मवाळ लागणे ही त्याच्या निरुपद्रवीपणाची खूण मानता येत नाही. शिवाय पूर्वी सिगारेट ओढणारे लोक पाइपचा धूरही सवयीने छातीत घेतात. त्यांच्या बाबतीत फुप्फुसांचा धोकाही कायम राहतो.

भारतातील पुरावाही याच दिशेचा आहे. आंध्र प्रदेशाच्या किनारी भागात ‘चुट्टा’ हा घरगुती चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची प्रथा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधन विभागाने १९६० नंतरच्या दशकात श्रीकाकुलम् जिल्ह्यात केलेल्या पाहणीत अशा लोकांच्या टाळूवर कर्करोग व कर्कपूर्व विकार आढळून आले. तेथे उष्णतेचीही भर पडत असल्याने ही तुलना पाइपला जशीच्या तशी लागू पडत नाही. परंतु तंबाखूच्या धुराची झळ प्रथम तोंडालाच पोहोचते, हे तीवरून स्पष्ट होते. भारतातील २००३ च्या तंबाखू-नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत सिगारेट व विडी यांच्याबरोबरच सिगार, चिरूट व पाइप तंबाखू यांचाही समावेश आहे.