केस पुढे, व्रण मागे

हेअर ट्रान्सप्लांटच्या चौकशीला आलेला माणूस पुढे किती केस येतील ते विचारतो. मागे काय उरेल हे क्वचितच. एफयूटी पद्धतीत डोक्याच्या मागून साधारण 1 ते 1.5 सेंटिमीटर रुंदीची, केसांसकट त्वचेची पट्टी काढतात आणि दोन्ही कडा ओढून शिवतात. व्रण रुंदावतो तो मुख्यतः ताणामुळे. जास्त केसांच्या हव्यासापायी पट्टी रुंद घेतली, की पुढच्या काही महिन्यांत व्रण पसरतो. मग टाके दोऱ्याचे की स्टेपलचे, हा वाद दुय्यम. (उशीवर डोकं टेकताना स्टेपल टोचतात, एवढं खरं.)

खरी करामत ट्रायकोफायटिक शिवणीत आहे. एका कडेचा वरचा जेमतेम मिलिमीटरभर थर छाटतात, केसांची मुळं मात्र शाबूत ठेवतात. दुसरी कड त्यावर बसवली, की ते केस व्रणातूनच वर उगवतात आणि पांढरी रेघ बरीचशी झाकली जाते. मशीन अगदी बारीक फिरवलं तर ती तरीही दिसू शकते.

एफयूई या दुसऱ्या पद्धतीत पट्टी न काढता केस मुळासकट एकेक करून काढतात, त्यामुळे टाकेच नसतात. सुमारे मिलिमीटरभर व्यासाची भोकं आपोआप भरतात. ‘व्रण नाहीच’ ही जाहिरात मात्र खोटी. भोकांच्या जागी बारीक फिकट ठिपके राहतात, आणि एकाच जागेतून फार केस काढले तर तो भाग विरळ दिसतो. जखमेवर केलॉइड, म्हणजे जाड फुगीर व्रण, उठण्याची प्रवृत्ती असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं.